खाणीवरून हायवे न्यायचा असेल तर खाली काय आहे ते आधी कोण सांगणार?

कोअरबॉक्स (इंदिरानगर, नाशिक)

मी माती-खडक तपासणीच्या कामात आहे. म्हणजे रस्ता, पूल, पाण्याची टाकी काहीही बांधायच्या आधी जमिनीला बोअर मारायचे आणि आत काय आहे ते काढून पेटीत मांडायचं. नाशिकला हे काम तसं सरळ असतं, वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि एकदा पाषाण लागला की रिगवरचा (बोअर मारायच्या यंत्रावरचा) मिस्त्री निवांत होतो.

पण काही वर्षांपूर्वी वणी-चंद्रपूर पट्ट्यात एका रस्त्याच्या बोअरिंगवर होतो, तिथली एक दुपार अजून डोक्यातून जात नाही. २१ मीटरपर्यंत वाळूचा दगड लागला, कोअर (बोअरमधून निघणारे दगडाचे गोल दांडके) अख्खे निघत होते, आम्ही खूश, आणि एकाएकी रॉड जवळजवळ दोन मीटर धपकन खाली गेला. रिगचं पाणी वर यायचं बंद झालं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, जमिनीनं पाणी गिळलं." खाली कोळशाची जुनी गॅलरी, म्हणजे खाणीतली पोकळ गल्ली होती. आम्हाला जो नकाशा दिला होता त्यात ती खाण तिथून पाऊणशे मीटर अलीकडेच संपत होती.

आता हा धागा काढायचं कारण. कुंभमेळा २०२७ ला आहे, नाशिकभोवती रस्त्यांची मोजणी जोरात चालू आहे. गेल्या महिन्यात अशाच एका रस्त्याच्या लाईनीवर पायी फिरलो (कोणाचं काम, कुठला रस्ता ते लिहीत नाही). एके ठिकाणी जमीन सपाट, बाभळी उगवलेल्या, कागदावर "पडीक". पण चालताना पायाखाली कुठे टणक, कुठे भुसभुशीत, आणि मधेच विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या गोण्यांचे कोपरे वर आलेले. मला वाटतं ती बुजवलेली दगडखाण आहे. त्या लाईनीत तिथे बोअर धरलेले शून्य. ज्यांनी असल्या जमिनीवर काम केलंय, राहिलेत, पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा.

पाथर्डीफाटा

चांगला विषय. पण एक शंका आहे. आपल्याकडे सारूळ, पाथर्डी, वाडीवऱ्हे सगळीकडे दगडखाणी आहेत त्या उघड्या. बोगदे कुठे आहेत आपल्याकडे? कोळशाच्या खाणीत माणूस आत जाऊन पोखरतो, आपण तर वरून सुरुंग लावून दगड काढतो. खाली परत पाषाणच. मग रस्ता खचेल कशाला?

कोअरबॉक्स

बरोबर प्रश्न आहे आणि इथेच लोकांची गल्लत होते. खाण झालेली जमीन दोन प्रकारची. एक आतून पोखरलेली, तिला वरून बघून काहीच कळत नाही, गवत तसंच, झाडं तशीच. दुसरी उघडी खाण, जी नंतर भरून टाकलेली. पहिलीत भीती पोकळीची, दुसरीत भीती भरावाची. पाषाण खाली आहे हे खरं पण रस्ता पाषाणावर बसत नाही, पाषाणाच्या वर जे वीस मीटर काहीबाही टाकलंय त्याच्यावर बसतो. आणि दोन्हीत एक गोष्ट सारखी, कागदावर जे आहे आणि जमिनीत जे आहे त्याचा मेळ नसतो.

ताडोबारोड (चंद्रपूर)

नमस्कार. माहेर नाशिकरोडचं, सासर चंद्रपूर, म्हणून दोन्ही जमिनी बघितल्यात. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गेलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं असेल. घरातली माणसं वेळेवर बाहेर आली म्हणून वाचली. त्या भागाखाली जुनी भूमिगत खाण होती. आमच्याकडे त्यानंतर कितीतरी दिवस बायका अंगणात बादली ठेवली तरी खाली बघायच्या.

कोअरबॉक्स म्हणतात ते नकाशाचं अगदी खरं. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ चं. त्याच्या आधी खाजगी मालक होते, कोणी नकाशे नीट ठेवले कोणी नाही, कोणी हद्दीच्या बाहेर जाऊन कोळसा काढला तो तर नकाशावर दाखवायचा प्रश्नच नाही. सासरे खाणीत होते, ते सांगायचे की कागदावर खांब ठेवलेला असायचा आणि प्रत्यक्षात जाता जाता तो पण थोडा थोडा खरडून नेलेला असायचा.

सिव्हिल_थर्ड_इयर

सर मी नाशिकलाच इंजिनिअरिंग करतोय. खांब म्हणजे काय? आणि कोळसा काढून पन्नास वर्षं झाली तरी वर कधी काही होत नाही आणि मग एकदम होतं, असं का? जे पडायचं ते लगेच का नाही पडत?

कोअरबॉक्स

मित्रा, आपल्याकडच्या बहुतेक जुन्या खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. म्हणजे कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गल्ल्या काढायच्या आणि मधे चौकोनी खांब सोडायचे, छत त्या खांबांवर. वरून बघितलं तर रविवार कारंजाच्या जुन्या गल्ल्यांसारखा नकाशा दिसतो. लाँगवॉल म्हणून दुसरी पद्धत असते त्यात सगळा थर काढत जातात आणि मागे छत पाडत जातात, तिथे जमीन लगेच खचते आणि काही काळात शांत होते. खांबाच्या खाणीत तसं नाही. खांब पाण्याने, हवेने झिजतो. दोन खांबांच्या मधलं छत, त्यातून जास्त करून चौक जिथे होतो तिथलं, थोडं थोडं गळतं. आज एक पापुद्रा, पाच वर्षांनी अजून एक. पोकळी तिथल्या तिथे राहत नाही, ती वर सरकत जाते. वरच्या माणसाला ती जमिनीपर्यंत पोचली की मगच कळतं.

ती किती वर येते याचा साधा हिशोब आहे. दगड तुटला की फुगतो. अख्खा दगड जेवढी जागा घेतो त्यापेक्षा तुटलेला जास्त घेतो, म्हणून पडलेला ढिगारा कधीतरी पोकळी स्वतःच भरून टाकतो आणि पडझड थांबते.

खडीवाला

भाऊ हे तर आमच्या रोजच्या धंद्यातलं आहे. आमचं क्रशर होतं, आता बंद आहे. खाणीत घन एक ब्रास दगड फोडला की हायवात भरताना सैल दीड ब्रासच्या आसपास भरतो. मजुरी आणि रॉयल्टी दोन्हीची भांडणं ह्याच्यावरच व्हायची, घन मोजायचा का सैल.

कोअरबॉक्स

अगदी हेच! आता ते ब्रासचं गणित खाली लावा. गल्लीची उंची २ मीटर आहे. दगड दीडपट फुगत असेल तर छत ४ मीटर वर खाल्लं की ढिगाऱ्याने जागा भरली, थांबलं. पण खालच्या गाळाच्या दगडात तेवढा फुगवटा धरता येत नाही, १.२ पट धरला तर तोच आकडा १० मीटर होतो. आणि ढिगारा चारी बाजूच्या गल्ल्यांत पसरला किंवा पाण्याने वाहून गेला तर अजून वर. म्हणून जुना ठोकताळा असा आहे की थराच्या जाडीच्या दहापट चांगला खडक डोक्यावर असेल तर बऱ्यापैकी निर्धास्त. माती धरायची नाही, फक्त खडक. आमच्या त्या बोअरमध्ये १०-११ पट निघत होता, म्हणजे काठावर. आणि त्याच्यावर सहा पदरी रस्ता, दिवसरात्र कोळशाचे ट्रक.

गोदाकाठ_ते_जर्सी

मी मूळचा पंचवटीचा, सध्या अमेरिकेत न्यू जर्सीत. इथे आमच्या भागात हेच झालं म्हणून लिहितो. इंटरस्टेट ८० म्हणजे इथला मोठा हायवे, न्यूयॉर्ककडे जाणारा. २६ डिसेंबर २०२४ ला व्हार्टन गावाजवळ रस्त्याच्या कडेला साधारण ४० फुटांचा खड्डा पडला. खाली लोखंडाची सोडून दिलेली जुनी खाण. तो भरला, काही दिवसांत रस्ता चालू केला, सगळ्यांनी सुस्कारा टाकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जवळच पुन्हा. मार्चमध्ये पुन्हा. मग मात्र त्यांनी रस्ता बंद ठेवून रडार, बोअर सगळं करून एकेक पोकळी शोधून ग्राऊट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरलं, सगळ्या लेन चालू व्हायला जून उजाडला. गावातल्या छोट्या रस्त्यांवर हायवेचा ट्रॅफिक आला, दुकानं बसली, शाळेच्या बस अडकल्या, सहा महिने हाल.

मला त्यातलं जे लागलं ते असं, की हा भाग अठराव्या शतकापासून लोखंडाच्या खाणींचा म्हणून प्रसिद्ध आहे. रस्ता बांधला तेव्हा पण माहीत होतं. पहिला खड्डा पडला तेव्हा पण. तरी पहिल्या वेळी फक्त तो एक खड्डा भरला.

कोअरबॉक्स

हे फार मोलाचं लिहिलंत. ओहायोत पण मार्च १९९५ मध्ये इंटरस्टेट ७० असाच खचला होता, गर्न्सी काउंटीत, खाली सोडलेली कोळशाची खाण, तो पण काही महिने बंद होता. एक खड्डा भरून भागत नाही कारण तो खड्डा म्हणजे एका चौकाचं छत, बाकीचे चौक तसेच उभे असतात.

सिव्हिल_थर्ड_इयर

मग सरळ सगळीकडे काँक्रीट भरून टाकायचं ना सर? नाहीतर खांब टाकून पूलच करायचा, जमिनीला हात लावायचाच नाही.

कोअरबॉक्स

भरतातच, पण काँक्रीट नाही. आकडा काढून बघ. ६० मीटर रुंद पट्टा, २०० मीटर लांब, २ मीटर उंच गल्ल्या, त्यातला ४० टक्के कोळसा काढलेला. ९,६०० घनमीटर पोकळी झाली, फक्त दोनशे मीटरात! एवढं काँक्रीट कोणी देणार नाही आणि गरजही नाही, छताला आधार मिळाला की झालं. म्हणून फ्लाय अॅश आणि सिमेंटचं पातळ ग्राऊट, दहा-बारा भाग राख आणि एक भाग सिमेंट असलं. तीन मीटर किंवा सहा मीटरच्या चौकटीत बोअर मारायचे आणि भरत जायचं.

अडचण ही की पातळ ग्राऊट गल्लीत शिरलं की कुठे जाऊन थांबेल याचा नेम नाही, शेजारच्या गावाखाली जाईल. म्हणून आधी पट्ट्याच्या चारी कडांना बारीक खडी आणि घट्ट मिश्रण टाकून आत भिंत उभी करायची, दाराला उंबरा घालतो तसं, आणि मग मधे ओतायचं. शेवटी परत वेगळे बोअर मारून भरलंय का ते तपासायचं. हा शेवटचा तपास घाईत सर्वात आधी गाळला जातो, माझ्या डोळ्यांदेखत गाळलेला आहे.

अजून एक, त्या गल्ल्यांत हवा असते, आणि ती साधी हवा नसते. कुठे मिथेन, कुठे ऑक्सिजन संपलेली. एका बाजूने ग्राऊट आत ढकललं की ती दुसऱ्या बाजूने कोणाच्या तरी तळघरातून, विहिरीतून बाहेर येते. काम चालू असताना आसपासच्या घरांत गॅस मोजायला माणूस ठेवावा लागतो.

पुलाचं म्हणशील तर पाईल (जमिनीत खोल उतरवलेला पायाचा खांब) पोकळीतून खाली न्यावी लागते, खालच्या चांगल्या खडकापर्यंत. वरचा दगड नंतर खचला तर तो पाईलला मिठी मारून खाली ओढतो, म्हणजे गाडीचं वजन वेगळं आणि हे वजन वेगळं. छोट्या लांबीला करतात, किलोमीटरभर नाही.

ताडोबारोड

आणि उभ्या विहिरी? शाफ्ट म्हणतात त्या. आमच्याकडे सासरे दाखवायचे, ह्या कडुलिंबाच्या मागे एक होती म्हणून. आता तिथे काहीच दिसत नाही.

कोअरबॉक्स

ताई, ती सगळ्यात वाईट. जुन्या काळी तोंडावर लाकडाचे ओंडके टाकायचे, वर माती, झालं बंद. लाकूड कुजलं की संपलं. शाफ्ट सापडला तर आत भरून वर आरसीसीची टोपी घालतात, शाफ्टच्या व्यासाच्या निदान दुप्पट, आणि ती मातीवर नाही, खडकावर टेकवायची. पण आधी सापडला पाहिजे. तुमच्या सासऱ्यांना ते कडुलिंबाचं झाड आठवतं ना, ते लिहून ठेवा, फोटो काढून लोकेशन टाकून ठेवा. खरंच सांगतो.

ब्रिटनमध्ये खाण सोडताना तिचा नकाशा सरकारकडे जमा करायचा कायदा १८७२ चा आहे. ग्लासगोत एम-७४ मोटरवेचा शेवटचा तुकडा २०११ मध्ये उघडला, तो जुन्या कोळसा खाणींवरून आणि क्रोमियमच्या कारखान्याने खराब केलेल्या जमिनीवरून गेलाय, तिथेही खालच्या गल्ल्या भरून घ्याव्या लागल्या. एवढे कागद असून! कारण १८७२ च्या आधीच्या बऱ्याच खाणी त्यांच्याही कागदावर नाहीत.

आपल्याकडे कोळसा खाणींच्या नियमात सार्वजनिक रस्त्यापासून ४५ मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदायचं नाही असं आहे. चांगला नियम. पण तो रस्ता आधी आणि खाण नंतर असेल तर कामाचा. खाण आधी आणि रस्ता नंतर आला तर तो नियम कोणाला अडवत नाही.

गंगापूररोड_निवृत्त

सगळं वाचलं. मी ३४ वर्षं रस्ते-पुलांच्या कामात होतो, आता निवृत्त. कोअरबॉक्स, तुम्ही भूमिगत खाणीवर छान लिहिलंत, पण मूळ प्रश्न नाशिकच्या बुजवलेल्या दगडखाणीचा आहे, त्यावर थोडं लिहितो.

आपला पाषाण कसा का असेना, त्याला शिस्त आहे. लाव्ह्याचा एक थर, मधे तांबड्या मातीचा पट्टा, परत थर. समृद्धीचा इगतपुरीजवळचा बोगदा पावणेआठ किलोमीटरचा आहे, उघडला तेव्हा रस्त्याच्या बोगद्यांत राज्यातला सर्वात लांब, तो खोदताना त्रास झाला असेल पण खडक वाचता येत होता, एका बोअरवरून पुढच्या बोअरचा अंदाज बांधता येतो. माणसाने भरलेल्या खड्ड्यात हा अंदाज चालत नाही. दोन बोअर पाच मीटरवर मारा, एकात मुरूम आणि दुसऱ्यात पाडलेल्या इमारतीचा डबर, प्लास्टिक, कुजलेलं लाकूड.

भराव स्वतःच्या वजनानेच बसतो. थर टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेला असेल तर थोडा, डंपर मागे घेऊन नुसता कडेवरून लोटलेला असेल तर पुष्कळ. आणि आपल्याकडे जवळजवळ सगळा लोटलेलाच. २५ मीटरचा खड्डा समजा, एक टक्का बसला तरी २५ सेंटिमीटर झाले. सगळीकडे सारखा बसला तर रस्ता तेही सहन करेल. पण खाणीला कडा असते, उभी, सुरुंगाने कापलेली. कडेच्या अलीकडे पाषाण, तिथे बसणं शून्य. पलीकडे पाऊलभर अंतरावर २५ मीटर भराव. रस्ता तिथेच तुटतो, आडवी भेग पडते, दुरुस्त करा, पुढच्या पावसाळ्यानंतर परत तिथेच. शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाडीला ती पायरी होते.

आणि पाणी. वर्षानुवर्षं कोरडा पडलेला सैल भराव पहिल्यांदा भिजला की एकदम खाली बसतो, वर काही वजन नसलं तरी. आपल्या खाणी पावसाळ्यात तळी होतात हे सगळ्यांनी बघितलंय, भरल्या म्हणून पाणी यायचं थांबत नाही. उलट हायवेची गटारं नेमकी तिथेच सोडतात कारण तो सखल भाग.

पाथर्डीफाटा

काका मग ह्याच्यावर उपाय काय? तिथून रस्ता न्यायचाच नाही का?

गंगापूररोड_निवृत्त

नेता येतो. जर्मनीत गार्झवायलरच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत ए-४४ हा मोटरवेच पाडला होता, खाण पुढे सरकवायला. नंतर तोच रस्ता भरलेल्या खाणीच्या भरावावरून नवीन बांधला, २०१८ मध्ये सुरू केला, आणि मग पुढचा ए-६१ खाणीसाठी मोडायला घेतला. शे-दोनशे मीटर खोल भरावावर मोटरवे! पण तिथे खाण खोदतानाच पुढे वरून रस्ता जाणार हे ठरलेलं होतं, कुठे काय टाकलं त्याची नोंद होती.

आपल्यासारख्या ठिकाणी उथळ असेल तर सगळं उकरून थर देऊन परत भरायचं, खर्चिक पण निर्धास्त. त्याहून खोल असेल तर पंधरा टनांचं वजन क्रेनने वीस मीटरवरून आपटून जमीन ठोकतात, डायनॅमिक कॉम्पॅक्शन. ठोकताळ्याने त्याचा परिणाम साधारण आठ-नऊ मीटरपर्यंत पोचतो, २५ मीटरच्या खड्ड्यात खालचे सोळा मीटर तसेच. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे वाट बघणं. रस्त्याच्या उंचीपेक्षा चार-पाच मीटर जास्त मुरूम टाकून ठेवायचा, आत प्लेटा बसवायच्या, आणि दर आठवड्याला लेव्हल घ्यायची. बसायचं थांबलं की वरचं काढून घ्यायचं. कडेला मात्र पाषाण पायऱ्या-पायऱ्यांनी उतरता कापून घ्यायचा आणि वर जिओग्रिडचे (प्लास्टिकच्या मजबूत जाळीचे) थर, म्हणजे एकदम पायरी न पडता उतार मिळतो.

द्वारका_सर्कल

माफ करा पण सगळं ऐकायला छान आहे, कुंभ २०२७ ला आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण २०२६ मध्ये. मुरूम टाकून वर्षभर लेव्हल घेत बसायला वेळ कोणाकडे आहे? द्वारकेला रोज तासभर अडकतो मी, मला रस्ता पाहिजे. प्रत्येक ठिकाणी अशी तपासणी करत बसलो तर रस्ताच होणार नाही.

कोअरबॉक्स

तुमचा राग समजतो, मी पण तिथेच अडकतो. पण प्रत्येक ठिकाणी कोणी म्हणत नाहीये. रस्ता वीस किलोमीटर, त्यातली खाण तीनशे मीटर. त्या तीनशे मीटरात आठ-दहा बोअर आणि रेझिस्टिव्हिटीच्या (जमिनीत वीज सोडून आत काय आहे ते ओळखायच्या तपासणीच्या) चार लाईनी, पाऊस नसेल तर दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. हे लाईन पक्की व्हायच्या आधी केलं तर कधी कधी रस्ता शंभर मीटर बाजूला घेतला की प्रश्नच संपतो, काहीच भरायला लागत नाही. जमीन ताब्यात आली, पुलांची डिझाईनं झाली, ठेकेदार आला, आणि मग खड्डा सापडला तर मात्र वर्ष जातं. वेळ वाचवायचा म्हणूनच आधी बघा म्हणतोय.

भूजल_नाशिक

मी भूजलावर काम करते, पाण्याच्या बाजूने दोन मुद्दे. कोळशाच्या खाणीत पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) असतं, त्याला हवा-पाणी लागलं की आम्लाचं पाणी तयार होतं, तांबूस-केशरी. ते काँक्रीट खातं, सल्फेटमुळे भराव फुगतो पण. म्हणून तिथे पाईलसाठी सल्फेट सहन करणारं सिमेंट वगैरे. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात हा त्रास नाही, उगाच घाबरू नका.

आपला त्रास वेगळा. सुरुंगाने खाणीची भिंत आणि तळ तडकलेला असतो, त्यातून खाणीतलं पाणी आसपासच्या विहिरींना जातं. तुम्ही खाणीत राख, डबर, कचरा काय टाकता ते शेतकऱ्याच्या विहिरीत जाणार. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख रस्त्याच्या भरावाला वापरा असा सरकारी नियमच आहे, ३०० किलोमीटरच्या आतल्या कामांना, आणि तो चांगला आहे. पण राख कोरड्या बंधाऱ्यासारख्या भरावात, वरून मातीचं कव्हर देऊन वापरायची असते. पावसाळ्यात पाणी साठणाऱ्या खाणीच्या तळाला राख टाकणं ही वेगळी गोष्ट. भराव करताना पाण्याला वाट ठेवा, तळाशी मोठ्या दगडाचा थर द्या, आणि आसपासच्या चार विहिरींची पातळी आत्तापासून मोजून ठेवा. पाणी चढलं तरी धोका, उतरलं तरी धोका, कोळशाच्या जुन्या गल्ल्यांत तर साठलेलं पाणी उपसलं की त्याचा आधार जातो आणि छत पडतं.

गोदाकाठ_ते_जर्सी

आग राहिली मंडळी. झारखंडमधलं झरिया. १९१६ पासून खाली कोळसा जळतोय, आणि त्यापायी धनबाद-चंद्रपुरा रेल्वेलाईन जून २०१७ मध्ये बंद केली होती, नंतर २०१९ मध्ये परत सुरू केली. लहानपणी त्या गाडीने गेलोय, रात्री खिडकीतून लाल दिसायचं. आपल्याकडे ते नाही हे नशीबच.

खडीवाला

कोअरबॉक्स भाऊ, मी दोन दिवस लिहू का नको करत होतो. तुम्ही ज्या जागेचं वर्णन केलंय, बाभळी, सपाट, विटांचे तुकडे, ती मला वाटतं मी ओळखतो. जागेचं नाव इथे नको, मेसेज केलाय. आमची नव्हती पण शेजारची. लोक खाणवाल्यांना दोष देतात, काही ठिकाणी तो खराही आहे, पण ह्या खाणी बुजवल्या कशा हे जिथे काम केलं त्या माणसांशिवाय कोणाला माहीत नाही आणि त्यांना कोणी कधी विचारलंच नाही.

आमचे आबा, वडिलांचे चुलते, तिथे सुरुंगाला होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. काल त्यांना धागा वाचून दाखवला. ते म्हणाले खाण पूर्वेकडे खोल आणि पश्चिमेला डंपर उतरायचा रॅम्प, रॅम्प तसाच आत आहे, त्याच्यावरच लोटत लोटत आले. आणि तळात पाणी उपसायला एक विहीर खोदली होती, ती भरली नाही, वर फरश्या टाकल्या आणि पुढे भराव लोटला.

कोअरबॉक्स

फरश्या टाकून पोकळ ठेवलेली विहीर, वीस मीटर भरावाखाली? किती व्यासाची? आबांना विचारा ना प्लीज. आणि ते जागेवर येऊ शकतील का? गाडी मी आणतो.

खडीवाला

दहा-बारा फूट म्हणतात. येतील, त्यांनाच घाई झालीये.

कोअरबॉक्स

जाऊन आलो रविवारी. उशिरा लिहितोय, माफ करा.

आबा काठी टेकत सगळं फिरले. खाणीची कडा त्यांनी तीन ठिकाणी दाखवली, जमिनीवर काहीच खूण नाही, ते लांबच्या टेकडीचा सुळका आणि जुन्या वडाचं झाड एका रेषेत धरून सांगत होते. आम्ही एका ठिकाणी जमीनमालकाला विचारून पोकलेनने चर घेतला. दीड मीटरवर सुरुंगाने कापलेल्या पाषाणाची उभी कड लागली, आबांनी सांगितलं होतं त्यापासून दोन पावलांवर. पलीकडे पोकलेन साडेचार मीटर गेलं तरी डबर, गोण्या, मधे काळं पाणी.

विहीर कुठे ते त्यांना नक्की सांगता येईना, रॅम्प संपतो तिथून "हाकेच्या अंतरावर" एवढंच. थोडे हिरमुसले होते. मी म्हटलं आबा, नकाशात तर तुमची खाणच नाही, तुम्ही हाकेच्या अंतरापर्यंत आणून सोडलंत.

संबंधित साहेबांना फोटो, चराची मापं आणि लोकेशन लेखी दिलंय, पोच घेतली आहे. तपासणीला तोंडी हो म्हणालेत, लेखी यायचंय. आलं की रेझिस्टिव्हिटीच्या चार लाईनी टाकतोय, दोन उभ्या, दोन आडव्या, त्यातली एक रॅम्पच्या टोकावरून. गंगापूररोड काका, तुम्हाला जमत असेल तर या. आबा येणार आहेतच.